पोट पाहणारे मेश्राम काका

मेश्राम काका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते नवे शेजारी म्हणून, चहाला. चहा त्यांनी बशीत ओतला, भुरके मारत संपवला आणि रिकामा कप उलटा केला. चष्मा कपाळावर चढवून त्याचं बूड वाचलं. "खुर्ज्याचा आहे," म्हणाले, "पन सेकंडचा माल. शिक्का अर्धाच उठला." तो सेट माझ्या आतेबहिणीने लग्नात अव्वल दर्जाचा म्हणून दिला होता आणि मी तो इतकी वर्षं खास पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता. एका चहात काकांनी कपाचं कूळ, कपाचं वय आणि आतेबहिणीची दानत असं सगळं सांगून टाकलं. जाताना स्टुलाखालीही डोकावले. स्टुलाबद्दल मात्र काही बोलले नाहीत. ते मी त्यांच्या सभ्यतेच्या खात्यात जमा केलं, कारण त्या खात्यात पुढे फारशी भर पडणार नाही, असा मला अंदाज आला होता.

रेल्वेत ते टीएक्सआर होते. म्हणजे गोंदिया जंक्शनवर मालगाडी थांबली की हातोडीने चाकं ठोकत जायचं, आवाजावरून तडा ओळखायचा, आणि वाकून वॅगनच्या पोटाखालचे शिक्के वाचायचे. कोणत्या कारखान्यात बनली, शेवटची दुरुस्ती कधी झाली, पुढची कधी. "रंग कोनीबी लावते, पटलेबाई," ते मला सांगायचे. "वय पोटावर राहते. वाकल्याशिवाय दिसत नाही." रिटायर झाल्यावर रेल्वेने हातोडी परत घेतली. सवय परत घ्यायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि ती आमच्या मुर्रीच्या कॉलनीत राहायला आली.

तिरोड्याला आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न होतं. आहेराच्या टेबलावर मामाने दिलेला डिनर सेट मांडलेला. काकांनी एक प्लेट उचलली, उलटी केली आणि मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा सेट नवरीपेक्षा मोठा आहे." तो सेट मामालाही कोणीतरी कधीतरी आहेरातच दिला असणार, हे सगळ्यांना आधीच कळलं होतं. ते मोठ्याने बोलायचं तेवढं राहिलं होतं. कौसल्याकाकूंनी नवऱ्याचा हात धरून त्यांना थेट जेवणाच्या पंगतीकडे नेलं. "याइले ताट वाढून झाल्यावरच आनत जा," त्या मला म्हणाल्या. "भरलेलं ताट उलटं करता येत नाही."

काका चुकायचेही. माझी पितळी समई उलटी करून त्यांनी ती इंग्रज साहेबांच्या काळातली ठरवली. ती मी मागच्या दिवाळीला गोंदियाच्या बाजारातून आणली होती, पावतीसकट. पावती दाखवली. काका पावतीकडे दयेने पाहत म्हणाले, "मंग दुकानदाराले मालूमच नाही त्यानं काय इकलं." पावतीही त्यांनी उलटी करून पाहिली.

आता ठोकळे. लहान मुलांचे, एकावर एक दाबले की घट्ट बसणारे प्लास्टिकचे ठोकळे. जगभर ते जुने करून, कापसात गुंडाळून सांभाळणारे मोठे लोक असतात, आणि कोणता ठोकळा कोणत्या काळातला यावरून ते एकमेकांशी बोलणं सोडतात, हे मला काकांमुळे कळलं. रेल्वे क्वार्टरमध्ये काकांच्या शेजारी विल्सन नावाचे गार्ड राहायचे. ते कुटुंब गोंदिया सोडून कायमचं परदेशी गेलं, तेव्हा मुलांच्या ठोकळ्यांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काकांना देऊन गेलं. काकांनी तो माळ्यावर टाकला आणि विसरले. रिटायरमेंटनंतर मुर्रीच्या घरात सामान लावताना डबा पुन्हा हाती आला. काकांनी एक ठोकळा उलटा केला. पोट रिकामं होतं.

हे रिकामं पोट हीच सगळी गंमत. ठोकळ्याच्या आत नळ्या असतील तर तो नंतरचा. नळ्या नसतील, आणि बाजूला खिडकी बसवायची चीर असेल, तर तो अगदी सुरुवातीचा असू शकतो. काकांनी मोबाइलवर शोधलं, विचारलं, जुन्या ठोकळ्यांच्या शौकिनांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरले, आणि वर्षभरात त्या ग्रुपचे सुप्रीम कोर्ट झाले. लोक बंगळुरूहून, कोचीहून, सिंगापूरहून फोटो पाठवायचे. काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पोट दाखवा." मग ते स्वतःच्या डब्यातला ठोकळा शेजारी ठेवून फोटोशी ताडून पाहायचे. कड किती जाड, चीर कुठवर, वरच्या बटणांवर अक्षरं आहेत की नाहीत. डब्यातला ठोकळा हे त्यांचं माप. त्याला जुळलं ते जुनं, न जुळलं ते नवं.

निकाल ते झाडीबोलीत द्यायचे आणि इंग्रजी मी करायची. कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक असल्यामुळे कठोर गोष्टी गोड लिहायची मला सवय आहे. बंगळुरूच्या एका गृहस्थांनी मखमलीवर ठेवलेल्या ठोकळ्याचा फोटो पाठवला. आजोबांनी लंडनहून आणलेला, सर्वांत पहिल्या काळातला. काकांनी पोट मागवलं. आत नळ्या. "लिहा," काका म्हणाले. "आजोबा जुने असतीन. ठोकळा नाही."

मी लिहिलं की कुटुंबाच्या आठवणींचा पूर्ण आदर राखून या वस्तूच्या कालखंडाचा पुनर्विचार करावा, असं नम्रपणे सुचवावंसं वाटतं.

"मी एवढं लांब नव्हतो बोललो," काका म्हणाले.

"तुम्ही बोललात ते पाठवलं असतं तर ते विमानाने आले असते."

"येऊ द्या. चहा पाजू. कप पाहून घेतीन."

कोचीच्या एका मास्तरांनी तर काकांच्या शब्दावर घरचे ठोकळे नवे समजून शेजारच्या मुलांत वाटून टाकले आणि वर आभाराचा निरोप पाठवला. काका तो निरोप कौसल्याकाकूंना दोनदा वाचून दाखवायला गेले. काकू म्हणाल्या, "गॅस बंद करा आधी."

मग पुण्याचे सरपोतदार ग्रुपमध्ये आले. निवृत्त इंजिनीयर, प्लास्टिक हाच त्यांचा विषय. मुद्दे क्रमांक घालून लिहायचे. सकाळी नमस्काराचा निरोपही त्यांनी क्रमांक घालून लिहिला असता, तरी आम्हाला आश्चर्य वाटलं नसतं. त्यांनी काकांच्या डब्याचे फोटो मागवले आणि मुद्दे मांडले. एक: पोट रिकामं असलेल्या नकला पुढे अनेकांनी केल्या, त्यामुळे नुसत्या पोटावरून काही सिद्ध होत नाही. दोन: खरे जुने ठोकळे वेगळ्या प्लास्टिकचे असतात, ते उन्हाने, उष्णतेने वाकतात, नंतरचं प्लास्टिक सरळ राहतं. तीन: मेश्रामसाहेबांचा डबा इतकी वर्षं कुठे ठेवलेला होता?

काकांनी खरं ते सांगितलं. क्वार्टरच्या माळ्यावर, वर पत्रे.

गोंदियाचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला पत्र्याखालचा माळा समजावून सांगावा लागत नाही. सरपोतदारांनीही हवामानाचा तक्ता जोडला होताच. चार: असे अनेक उन्हाळे काढूनही ठोकळे बाणासारखे सरळ आहेत. पाच: म्हणजे ते जुने नाहीत. शेवटी हात जोडलेलं चित्र.

"पन वास येते," काका मला म्हणाले. "जुन्या प्लास्टिकले आंबट वास राहते. मले येते." मग स्वतःच थांबले. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. तो उठल्यापासून झोपेपर्यंत असायचाच. "माह्या नाकावर कोन भरोसा ठेवीन? मी तरी काऊन ठेवू?"

त्यानंतर काका चहाला आले, चहा प्यायले आणि कप सुलटाच खाली ठेवला. मी घाबरले. घरात आजारी माणूस असल्यासारखा मी आवाज खाली आणला.

"पटलेबाई," ते म्हणाले, "ज्या मापानं मापलं, तेच खोटं निघालं. आता सगळ्याइले सांगा लागते."

"काका, लोक विसरले असतील."

"मी वॅगन पास केली. गाडी गेली. मंग समजलं का माही हातोडीच फुटकी होती. तं पुढच्या टेसनाले फोन करा लागते का नाही?"

"गाडी कधीची पोचली असेल."

"तरी करा लागते. त्या मास्तरानं वाटून टाकले ना माह्या शब्दावर."

रेल्वेत असताना मेमो लिहावा, तसं त्यांनी माफीपत्राचं पहिलं वाक्य तयार करून आणलं होतं: मी दिलेले सर्व निकाल रद्द समजावेत. आयुष्यात एकही गाडी उगाच न थांबवलेला माणूस आता एकदम सगळ्या थांबवायला निघाला होता. नाही म्हणणं मला जमलं नाही, आणि काम करायचंच तर नीट करावं, म्हणून मी कागद-पेन घेऊन त्यांच्याकडे गेले. कोणाकोणाला कळवायचं ते लिहून काढायचं होतं.

स्वयंपाकघरात कौसल्याकाकू मुगाची डाळ वाटत बसल्या होत्या. उन्हाळ्याच्या वड्यांची तयारी. काका कोपऱ्यात पाटावर बसून एकेक नाव सांगत होते, आवाज असा की दर नावागणिक कोणाच्या तरी मरणाची खबर आली आहे. मला अर्धवट मजकूर लिहिता येत नाही. मी विचारलं, "काकू, क्वार्टरचा तो माळा फार तापायचा का हो? लिहायचंच आहे तर नीट लिहिते."

"माळा?" काकू वाटता वाटता म्हणाल्या. "माळ्याचं काय आलं त्याच्यात?"

"डबा माळ्यावर होता ना."

"कोन म्हनते?"

काकांनी मान वर केली. "मी म्हनतो. मीच ठेवला होता."

"तुमी ठेवला, अन् ड्युटीवर गेले. मी दुसऱ्याच दिशी खाली काढला. माळ्यावर माह्या वड्यांचे डबे राहात. तुमच्या ठोकळ्याइले जागा कुठची?"

"मंग ठेवला कुठं?"

"माठाखाली."

माठाखाली म्हणजे पाण्याचे माठ ज्या लाकडी घडवंचीवर असत, तिच्या खाली. काकू तिथे रेती पसरून रोज ओली करायच्या. रेतीच्या मागे, भिंतीला लावून, रेल्वेच्याच फाटक्या ताडपत्रीत डबा गुंडाळून ठेवलेला. घरातली सर्वांत गार जागा. मुर्रीला येताना टेम्पोत तो काकूंनीच चढवला होता. इथे आल्यावर काकांनी उघडला आणि तो माळ्यावरूनच सामानात आला अशी समजूत करून घेतली. पुढे तो कूलरच्या खोलीतल्या कपाटात राहिला. म्हणजे विल्सन गार्ड गेल्यापासून त्या ठोकळ्यांनी गोंदियाचा उन्हाळा पाहिलाच नव्हता. आम्हा कोणापेक्षाही ते सुखात राहिले होते.

"माठाखालीच काऊन?" काकांनी विचारलं.

"तिथं तुमचा हात जात नाही म्हनून." काकूंनी वाटण एकीकडे सारलं. "लग्न झालं तवापासून त्या माठातलं पानी तुमी सोताच्या हातानं कधी घेतलं? एक गिलास?"

काका आठवू लागले.

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"इचारलं कोनी? पुन्याले इचारता, सिंगापूरले इचारता. मी तं इथंच आहो."

जगातल्या प्रत्येक वस्तूला उलटं करून तिचं म्हणणं ऐकणारा हा माणूस. घरात बोलणारं, सरळ उभं असलेलं एक माणूस होतं, त्याला विचारायचं राहिलं. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

माठाची हकिकत मी सरपोतदारांना कळवली. उत्तर लगेच आलं. एक: घरगुती आठवण हा पुरावा नव्हे. दोन: ठोकळे उष्णतेत गेलेच नसतील, तर ते जुने नाहीत हे सिद्ध होत नाही, हे मान्य, पण जुने आहेत हेही सिद्ध होत नाही. तीन नव्हतं, पण ते आम्हाला दिसत होतं. एक ठोकळा उन्हात ठेवायचा. वाकला तर काका खरे आणि ठोकळा गेला. सरळ राहिला तर ठोकळा शाबूत आणि काकांचे सगळे निकाल गेले.

काकांनी डबा मांडीवर घेतला. हा नको, याची चीर चांगली आहे. हा नको, याचा लाल आता मिळत नाही. हा नको. कोणी हात लावायला गेलं तर आधी साबणाने धुऊन या म्हणणारा माणूस, त्याच्याकडून निवड होईना. काकूंनी डब्यात हात घातला, न बघता एक लाल ठोकळा काढला आणि साडीच्या ओच्यात टाकून जिना चढल्या. ताडून पाहायला एक नव्या काळातला, नळ्यांचा ठोकळा मी घेतला. गच्चीवर जुन्या लुगड्यावर वड्यांच्या रांगा घातलेल्या होत्या. रांगेच्या शेवटी दोन ठोकळे, तेही वड्यांसारखेच ओळीत. काकूंची शिस्त मला नेहमीच आवडत आली आहे.

वड्या वाळेपर्यंत काका गच्चीवर होते. डोक्याला ओला दुपट्टा, हातात काठी. कावळे आणि माकडं हाकलायला. संसार सुरू झाल्यापासून वड्या राखायला ते कधी वर गेले नव्हते. काकू खालून ओरडायच्या, "ठोकळ्यावर नजर ठेवता ठेवता वड्याइवर बी ठेवा!" येणारेजाणारे विचारायचे, "काय करून राहिले काका?" काका म्हणायचे, "तपासणी."

खरं तर ते तपासत नव्हते. ठोकळ्याकडे पाहायची त्यांना हिंमतच होत नव्हती. ते वड्यांकडे पाहायचे.

शेवटच्या दिवशी काकूंनी वड्या गोळा केल्या आणि तेव्हाच ठोकळाही उचलला. मला हाक मारली. नळ्यांचा ठोकळा जसाच्या तसा होता. लाल ठोकळ्याची दोन्ही टोकं वर आली होती आणि मध्ये खोलगट झाला होता, तळताना पापड होतो तसा. काकूंनी तो काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी उलटा केला. मग टिचकी मारली. तो डुलला. काका इतक्या मोठ्याने हसले की माकडं शेजारच्या गच्चीवर गेली. "वाकला!" ते म्हणत होते. "वाकला ना बाप्पा! वाकला!" डोळे पुसत होते, म्हणाले घाम आहे.

मी फोटो पाठवला. पोटाचा, अर्थातच. सरपोतदारांचं उत्तर आलं. एक: मान्य. दोन: हा प्रयोग कृपया पुन्हा करू नये. कोचीच्या मास्तरांनी टाळ्यांची चित्रं पाठवली, त्यावरून वाटून टाकलेले ठोकळे परत आणायला ते गेले नव्हते हे कळलं.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा काका उठले, स्वयंपाकघरात गेले आणि माठातून स्वतःच्या हाताने पाणी घेतलं. अर्धं जमिनीवर सांडलं. मग तिथेच गुडघे टेकून घडवंचीखाली डोकावले. माठ काही उलटा करता येत नव्हता. रेतीला हात लावून म्हणाले, "ओली आहे."

"रोज करा लागते," काकू म्हणाल्या. "सांडलं ते पुसा आता."

त्याच वर्षी, गिरण्यांकडे धानाच्या गाड्या लागल्या त्या दिवसांत, काका गेले. छातीत दुखतं म्हणून गोंदियाला नेलं, दवाखान्यात दोन दिवस होते. शेवटचा विनोद त्यांनी सलाइनच्या बाटलीवर केला, ती उलटी टांगलेली असते म्हणून; बूड वर असल्याने वाचायला सोपं जातं, म्हणाले. वाकलेला ठोकळा काकूंनी मला दिला. माझ्या टेबलावर असतो. कशालाच जोडला जात नाही, कागद उडू नये म्हणून ठेवावा तर डुलतो. इतकी निरुपयोगी वस्तू माझ्या घरात दुसरी नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे काकांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला सरपोतदार आले. पुण्याहून, रेल्वेने, न कळवता. काकांच्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मग खुर्चीवर बसून अदबीने विषय काढला. वहिनी, तो डबा योग्य हातात गेला पाहिजे. आणि एक विचारायचं होतं. त्यांचे स्वतःचे काही जुने ठोकळे अलीकडे वाकायला लागले आहेत. एसीच्या खोलीत आहेत, काचेच्या कपाटात, तापमान मोजायचं यंत्रही लावलं आहे. काय चुकत असेल?

काकूंनी त्यांच्या हातात पाण्याचा स्टीलचा ग्लास दिला. "तुमच्या घरी माठ भरते कोन?"

"माठ नाही आमच्याकडे. फिल्टर आहे."

"फिल्टर पुसते कोन?"

"मिसेस."

"मंग ठोकळे तिच्याजवळ देऊन टाका," काकू म्हणाल्या. "अन् कुठं ठेवले ते इचारू नका."

सरपोतदारांनी पाणी संपवलं, आणि ग्लास खाली ठेवायच्या आधी, कोणी पाहत नाही असं समजून, हळूच उलटा केला.